प्रगत जनुकशास्त्र आणि जीनोमिक्स: हा पेपर नेमका अभ्यासायचा कसा? (आणि नानांच्या प्रश्नाला काय उत्तर देऊ?)

निफाडची_थंडी · रविवार, रात्री ११.४०

नमस्कार. दोन वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

नाशिकमध्ये एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून कुणी ओळखलं तर प्रॅक्टिकलचे मार्क जातील. या सेमला जनुकशास्त्राचा वरचा पेपर आहे, त्याला जोडून जीनोमिक्स. इंटर्नलला ३० पैकी ९ मिळाले.

बीएस्सीला हाच माझा हुकमी विषय होता. मेंडेलचे वाटाणे, त्यांची ३:१, ९:३:३:१ ही गुणोत्तरं, पनेटचा चौकोन तर झोपेतही भरला असता. आता पहिल्याच तासाला लिंकेज डिसइक्विलिब्रियम (काही जनुकरूपं अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जोडीने सापडणं), मग एलओडी स्कोअर (दोन जनुकं जोडलेली असण्याची बाजू किती भक्कम ते), मग एकदम सिक्वेन्सिंगचा डेटा आणि लिनक्स. सर स्लाइड वाचून दाखवतात, आम्ही फोटो काढतो. डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआरचं मशीन आहे आमच्याकडे, पण ते वर्षभर निळ्या कापडाखाली असतं. कमिटी येणार असली की कापड निघतं, वर हार दिसतो, कमिटी गेली की परत कापड. वर्गातल्या मुंबईच्या दोघी म्हणतात पाठ करून टाक. मी पाठ केलंच होतं, त्याचेच ९ मिळाले.

दुसरी गोष्ट विषयाला थोडी सोडून आहे, पण खरं तर तिच्यामुळेच लिहायला बसले. घरी साडेतीन एकर थॉमसन द्राक्षं आहेत. गोडी छाटणीला (ऑक्टोबरातली, फळासाठीची) अठरा दिवस झाले आणि आभाळ उघडायचं नाव घेत नाही. काल नाना (माझे वडील) पोंगे, म्हणजे नुकते फुटू लागलेले डोळे, बघून आले. कोवळा घड टिकत नाही, जिरतो, ही त्यांची काळजी. हात धुता धुता म्हणाले, "तुमच्या त्या जीनोममध्ये घड जिरण्याबद्दल काही आहे का गं?" मला उत्तर आलं नाही. ९ मार्कांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

मिसळ_जास्त_तिखट · रविवार, रात्री ११.५२

पयला नंबर!

चुकले २१, बरोबर ९. हे साधारण ३:१ च झालं की. मेंडेलबाबा पावले तुम्हाला. (हलके घ्या.)

सांख्यिकी_ताई · सोमवार, सकाळी ७.१५

@मिसळ, तुम्ही गंमत केलीत, पण मला सकाळी चहाबरोबर करायला गणित मिळालं.

३:१ असतं तर ३० मध्ये अपेक्षा २२.५ आणि ७.५. प्रत्यक्षात २१ आणि ९. दोन्हीकडे फरक १.५. त्याचा वर्ग २.२५. तो २२.५ ने भागला की ०.१, ७.५ ने भागला की ०.३. बेरीज ०.४. हीच काय-स्क्वेअर चाचणी. एका स्वातंत्र्य-कोटीला ५ टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४. आपला आकडा तिच्या आसपासही नाही, म्हणजे ३:१ नाकारता येत नाही.

आता धागाकर्तीला प्रश्न: तुझे मार्क मेंडेलच्या नियमाने पडले हे सिद्ध झालं का? अजिबात नाही. 'नाकारता आलं नाही' आणि 'सिद्ध झालं' यांत गोदावरीच्या दोन काठांइतकं अंतर आहे. बीएस्सीला काय-स्क्वेअर करतात, पण उत्तराखाली "म्हणून गुणोत्तर ३:१ आहे" असं ठोकून देतात आणि तपासणारेही मार्क देतात. वरच्या वर्गात जे जड जातं ना, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

अवांतर: मेंडेलचे आकडे अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ आहेत, असा संशय फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये जाहीरपणे घेतला होता. त्यावर आजही वाद झडतात.

निफाडची_थंडी · सोमवार, सकाळी ८.०५

ताई, माझ्याच मार्कांवर काय-स्क्वेअर! हसू की रडू कळेना. पण 'नाकारता आलं नाही' हे वाक्य मी खरंच पहिल्यांदा नीट वाचलं.

सेवानिवृत्त_मास्तर · सोमवार, दुपारी ३.२०

बाळ, मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यात. मशीनवरचं कापड निघायची वाट बघू नकोस. एक कांदा घे.

वाळलेली मुळं खरवडून तो पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर ठेव, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा. दोनतीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळच्या वेळी टोकं काप, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात टाकून ठेव. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात जरा गरम कर म्हणजे पेशी सुट्या होतात. मग ॲसिटोकार्मिन या रंगाचा थेंब, वर काचपट्टी, सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोके, आणि शेवटी टिपकागदात धरून अंगठ्याने सरळ दाब. अंगठा घसरला की मेहनत पाण्यात. माझ्या विद्यार्थ्यांचे पहिले दहा स्लाइड वाया जायचे, अकराव्यात कुणीतरी ओरडायचं, "सर, मोजता येतायत!" सोळा गुणसूत्रं. जाड, लांब, सुतळीचे तुकडे टाकल्यासारखी.

ती इतकी जाड का, हा प्रश्न विचारलास की तू जीनोमिक्समध्ये आलीस. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं. कांद्याच्या एका संचात सुमारे १६०० कोटी. तुझ्या बागेतल्या द्राक्षाच्या संचात जेमतेम ५० कोटी, आणि तीही एकोणीस गुणसूत्रांवर वाटलेली. लासलगावच्या मार्केटात ट्रॉलीत पडलेला कांदा तुझ्या-माझ्यापेक्षा पाचपट मोठा ग्रंथ घेऊन पडलाय. मग कांदा आपल्यापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा आहे काय?

याचं उत्तर कुठेही न बघता आधी तू लिही. दोन ओळी पुरेत.

बांधावरचा · सोमवार, सायंकाळी ७.४०

मास्तर, कांदा पाचपट ग्रंथ घेऊन पडलाय हे खरं, पण भाव बघा त्याचा.

निफाडची_थंडी · सोमवार, रात्री १०.३०

सर, प्रयत्न करते. कांद्यात जनुकं पाचपट नसणार. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत एवढं माहीत आहे. म्हणजे कांद्याचा उरलेला भाग पुनरावृत्तीचा असावा, तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा?

सेवानिवृत्त_मास्तर · मंगळवार, सकाळी ६.५०

बरोबर. बहुतेक उड्या मारणारी जनुकं, ट्रान्सपोझॉन, आणि त्यांची जुनी कलेवरं. बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून ती हेरली. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं, तोवर बाई ऐंशी पार झाल्या होत्या. आणि मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा आठवतो ना? त्यातही एक ट्रान्सपोझॉनसारखा तुकडाच घुसलेला आहे, पिष्ट बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात. हे १९९० मध्ये कळलं. ज्या वाटाण्यावर बीएस्सीला मार्क मिळवलेस तोच वाटाणा एमएस्सीत परत आलाय, इतकंच.

काळी_खिडकी · मंगळवार, दुपारी १.१०

मी सिडकोत वाढलो, आता पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये आहे. दिवसभर काळ्या खिडकीत अक्षरं बघतो, म्हणून आयडी असा. मास्तरांच्या उत्तरातून पुढचा धडा आपोआप येतो, तो सांगतो.

माझी आजी लिखित जप करायची. वहीच्या वह्या 'श्रीराम जय राम जय जय राम'. समजा त्या वह्यांच्या ढीगभर झेरॉक्स काढल्या, सगळ्यांच्या बोटभर चिंध्या केल्या आणि सांगितलं, आता मूळ वही जुळव. 'म जय ज' लिहिलेली चिंधी कुठल्या पानावरची? देवालाच माहीत. पण आजीने मधेच एका पानावर किराण्याची यादी लिहिली असेल तर ते पान मात्र चटकन जुळतं. जनुकं म्हणजे किराण्याच्या याद्या. पुनरावृत्ती म्हणजे जप. दीडशे अक्षरांच्या छोट्या रीड्सनी (मशीनने एका दमात वाचलेल्या तुकड्यांनी) किराणा सापडतो, जप जुळत नाही. लांब रीड्स म्हणजे चिंधीऐवजी अख्खं पान हातात मिळणं. माणसाचा जीनोम २००३ मध्ये 'पूर्ण' झाला म्हणाले, पण सुमारे ८ टक्के जप तसाच राहिला होता. तो २०२२ मध्ये भरला गेला, लांब रीड्समुळेच. कांद्याची पहिली जुळणी यायलाही २०२१ उजाडलं. द्राक्षाचा जीनोम मात्र २००७ मध्येच आला, फळझाडांत पहिला. का ते आता तुम्हीच सांगाल.

आता कामाचं. कॉलेजचं मशीन विसरा, लॅपटॉप आठ जीबीचा असला तरी चालतो. पहिल्याच दिवशी माणसाच्या जीनोमला हात घालू नका. ई. कोलाय घ्या, ४६ लाख अक्षरं, लॅपटॉप गुदमरत नाही. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या साठ्यात त्याचा कच्चा डेटा फुकट आहे. लिनक्सची भीती वाटत असेल तर 'गॅलक्सी' नावाचा मोफत सर्व्हर आहे, ब्राउझरमध्ये माऊसने सगळं होतं. फास्टक्यू फाइल (रीड्स असतात ती) उघडून पहिल्या चार ओळी वहीत हाताने उतरवा. हो, हाताने. पहिली ओळ नाव, दुसरी अक्षरं, तिसरीत अधिकचं चिन्ह, चौथीत प्रत्येक अक्षरामागे एक चिन्ह, ते त्या अक्षराचा भरवसा सांगतं. गुणवत्ता ३० म्हणजे हजारात एक चूक, २० म्हणजे शंभरात एक. मग रीड्स संदर्भ-जीनोमवर बसवा आणि आयजीव्ही या रीड्स दाखवणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडून एक जागा अशी शोधा जिथे सगळ्या रीड्स संदर्भाशी भांडतायत. तो तुमचा पहिला म्युटेशन. माझा पहिला सापडला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि रूममेटला उठवून दाखवला. त्याने चप्पल फेकली.

मिसळ_जास्त_तिखट · मंगळवार, दुपारी १.२५

चपलेची गुणवत्ता किती होती?

सांख्यिकी_ताई · मंगळवार, रात्री ९.००

काळी_खिडकी यांच्याशी सहमत, एक भर घालते. जीनोमभर शोध घेणारे अभ्यास, ज्यांना तुम्ही जीडब्ल्यूएएस म्हणता, त्यांत पाचाची सवय मोडावी लागते. २०,००० जनुकं एकेक करून तपासली आणि प्रत्येकाला ५ टक्के सूट दिली, तर काहीही संबंध नसताना १,००० जनुकं 'सापडली' म्हणून हात वर करतील. म्हणून तिथे दहा लाख जागा तपासल्या असं धरून मर्यादा ०.०५ भागिले दहा लाख, म्हणजे दोन कोटींत एक. आणि एलओडी ३ म्हणजे फक्त हजारास एक अशी बाजू. सूत्रं पाठ करू नकोस, प्रत्येक सूत्रात आपली किती वेळा फसगत होऊ शकते तेवढं मोज.

आणि ऐक, जनुकांचा पहिला नकाशा एका पदवीच्या पोराने एका रात्रीत काढला. स्टर्टव्हंट त्याचं नाव, प्रसिद्ध झाला १९१३ मध्ये. त्या रात्री गृहपाठ राहिला, असं त्यानेच नंतर लिहून ठेवलंय.

पेठ_रस्ता · बुधवार, सायंकाळी ६.३५

मी लॅब टेक्निशियन. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या शिबिरांना जातो. तुमचं पुस्तकातलं हार्डी-वाइनबर्ग (जनुकाच्या प्रमाणावरून किती वाहक, किती रुग्ण ते काढायचा नियम) आम्ही गाडीच्या डिकीत घेऊन फिरतो म्हणा ना.

सिकलसेलची पहिली तपासणी अगदी साधी असते. नळीत द्रावण, त्यात बोटातून काढलेलं थोडं रक्त, आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद. पाच मिनिटांनी रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ झाली, रेघा हरवल्या, तर पुढं पाठवायचं, कारण वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत) आणि रुग्ण (दोन्ही प्रती सदोष) दोघांचीही नळी गढूळ होते. कोण काय ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या तपासण्यांत कळतं. एका अक्षराचा खेळ: बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीचं जीटीजी झालं, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

गणित सांगतो. समजा एखाद्या गटात शंभरात दहा वाहक निघाले (आकडा उदाहरणापुरता, कुठल्या गावाचा नाही). क्यू म्हणजे सदोष जनुकाचं प्रमाण, पी म्हणजे चांगल्याचं. मग २पीक्यू, म्हणजे वाहक, ०.१०, क्यू आला साधारण ०.०५३, क्यूचा वर्ग ०.००२८. हजारी सुमारे तीन बाळं रुग्ण. आता यात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं धरा. अशा जोडप्याच्या मुलाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एफ (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता), सोळांश. क्यूच्या वर्गात पी गुणिले क्यूचा सोळावा भाग मिळवायचा, म्हणजे ०.०५ चा सोळावा, ०.००३१. बेरीज ०.००५९. हजारी तीनच्या जागी सहा.

हे माझ्या बीएस्सीच्या वहीतही होतं. पण मला ते कळलं कधी, तर एका शिबिरात एक आजी दोन नातवंडांना घेऊन आली, दोघांचीही नळी गढूळ झाली, आणि तिने विचारलं, "दोघांनाबी कसं काय?" प्रत्येक बाळंतपणात चारात एक, आधीच्या बाळाचा हिशोब पुढच्याला लागत नाही, हे मला तिला मातीत काडीने चौकोन काढून सांगावं लागलं. पनेटचा चौकोन. मास्तर, तुमच्या फळ्यापेक्षा बरा उमटला होता.

परंपरा_प्रेमी · बुधवार, रात्री ८.१०

म्हणूनच आपल्या पूर्वजांनी गोत्राचा नियम केला. त्यांना जनुकशास्त्र ठाऊक होतं.

पेठ_रस्ता · बुधवार, रात्री ८.४०

दादा, गोत्र बापाकडून जातं. मामाची मुलगी वेगळ्या गोत्राची असते म्हणून चालते, आणि आजी-आजोबांची एक जोडी मात्र दोघांची सारखीच. जनुकाला कुंडली वाचता येत नाही. नियम कशासाठी केला ते मला माहीत नाही, पण या कामासाठी तो गळका आहे.

सांगायचं ते वेगळंच होतं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे लोकांना समजावणं तपासणीपेक्षा अवघड जातं. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ती वाहक निघाली म्हणून. मुलाची तपासणी केलीच नव्हती कुणी. तो निगेटिव्ह असता तर एकही बाळ रुग्ण झालं नसतं. १ जुलै २०२३ ला सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत सिकलसेल हद्दपार करण्याचं लक्ष्य ठेवून. नळ्या मिळतील. पण दहा मिनिटं बसून नीट बोलणारा माणूस, म्हणजे जनुकीय समुपदेशक, त्या भागात मला अजून भेटला नाही. ताई, पुढं काय करायचं विचारलं तर माझ्याकडून हे एक नाव लिहून घ्या.

निफाडची_थंडी · बुधवार, रात्री ११.१५

पेठ_रस्ता, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. इंटर्नलला नेमका एफ गुणांकाचा प्रश्न होता. मी व्याख्या शब्दशः लिहिली आणि उदाहरण सोडलं, कारण सोळांश कुठून येतो ते कळलं नव्हतं. आत्ता वंशावळ काढून मोजलं. सामाईक आजोबा, दोन वाटा, पाच जण, प्रत्येक टप्प्याला निम्मं: बत्तिसांश. आजीकडून तेवढाच. मिळून सोळांश!

काळी_खिडकी, द्राक्षाचं उत्तर: जीनोम छोटा, म्हणून जप कमी?

काळी_खिडकी · गुरुवार, सकाळी ९.३०

अर्ध बरोबर. उरलेलं अर्ध: द्राक्षात आईकडचा आणि बापाकडचा संच एकमेकांपासून फार वेगळे असतात, जुळवताना गोंधळ होतो. म्हणून फ्रेंच-इटालियन गटाने पुन्हा पुन्हा स्वपरागण करून दोन्ही संच जवळपास सारखे झालेली वेल निवडली. सवाल सोपा करून घेतला. संशोधनात त्याला लबाडी म्हणत नाहीत.

संधींबद्दल व्यनि (खाजगी निरोप) आलाय, इथेच थोडक्यात: तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप भरा. पुण्यात एनसीएल, आयसर, आघारकर या संशोधन संस्था आहेत, तुमच्यासाठी तर मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र आणि राजगुरुनगरचं कांदा-लसणाचं. नेट परीक्षेची तयारी आतापासून. आणि जीनोम इंडियाच्या १०,००० भारतीयांच्या जीनोमचा साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झालाय, तो वाचणारी माणसं लागणारच आहेत.

बांधावरचा · गुरुवार, रात्री ९.२०

ताई, तुमच्या नानांचा प्रश्न सगळे विसरले वाटतं. मी पिंपळगावकडचा, माझीही पोंग्यातच आहे बाग.

जे शिकलेले आहेत त्यांना सांगतो. घड जिरला म्हणजे तो हवेत जात नाही, त्याची बाळी होते. बाळी म्हणजे वेल तारेला धरायला जो दोरा सोडते तो. जिथं घड यायचा तिथं बाळी. कधी अर्धा घड अर्धी बाळी, टोकाला चार मणी आणि पुढं दोरा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस-साठ दिवसांत डोळ्यात सूक्ष्मघड बनतो, तेव्हा ऊन नाही मिळालं की तो कच्चा राहतो, आणि ऑक्टोबरात पाऊस झाला की जिरतो. म्हणून आम्ही खरडीनंतर सीसीसी (वाढ रोखणारं औषध) मारायचो, पोंग्यात सिक्स बीए (हेही वाढीवरचंच औषध) मारतो. २०१० ला सीसीसीच्या अंशापायी युरोपात माल अडकला, तेव्हापासून हात आखडला. हे सगळं अनुभवानं. आत काय होतं ते कुणी सांगितलं नाही.

आणि एक. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, या सगळ्या थॉमसनमधूनच निघाल्या. कुणाच्या तरी बागेत एका काडीवर मणी वेगळा दिसला, त्यानं ती काडी ठेवली. आपण बाकीचे छाटून टाकतो.

काळी_खिडकी · गुरुवार, रात्री १०.०५

बांधावरचा, दंडवत घ्या. तुम्ही जे लिहिलंत त्याचं आतलं चित्र प्रसिद्ध झालंय. @निफाडची_थंडी, 'पिनो म्युनिए' शोधा, २००२, नेचर. आज झोपू नका.

निफाडची_थंडी · शनिवार, रात्री १०.५०

झोपले नाही. सांगते.

पिनो म्युनिए ही फ्रान्सची जुनी जात. पानांवर पांढरी लव असते, पीठ उडाल्यासारखी, म्हणून नाव 'गिरणीवाला'. ही वेल खरं तर दोन वेली आहेत. बाहेरचा एक पेशींचा थर एका जनुकाचा बदल घेऊन बसलाय आणि आतला भाग साधा आहे. काडी कलम केली की दोन्ही थर तसेच पुढे जातात, म्हणून शतकानुशतकं कुणाला पत्ता नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी फक्त बाहेरच्या थराच्या पेशींपासून रोप वाढवलं. ते बुटकं निघालं, आणि त्याला बाळीच्या जागी घड आले. बाळीच्या प्रत्येक जागी!

बदल एका अक्षराचा. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा निरोप ऐकणारं जे प्रथिन असतं, त्यात ल्युसिनच्या जागी हिस्टिडिन. झाड जिबरेलिनला बहिरं झालं. म्हणजे डोळ्यात जो कोंब बनतो तो सुरुवातीला घडही नसतो आणि बाळीही नसते. जिबरेलिनचा जोर झाला की बाळीकडे झुकतो, सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचा झाला की घडाकडे. सीसीसी जिबरेलिन बनू देत नाही. सिक्स बीए हे सायटोकायनिन आहे. बांधावरचा काका, तुम्ही तीस वर्षं हेच करताय!

अजून एक. हरित क्रांतीचा बुटका गहू ज्या जनुकामुळे बुटका झाला, ते याच जनुकाचं गव्हातलं भावंड. आमच्या स्लाइड नंबर ४२ वर आहे. मी त्याचा फोटो काढला होता.

नानांना सांगितलं. ओट्यावर बसून मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "मग मणी फुगवायला जीए बुडवतो त्याचं काय? तेच जिबरेलिन ना?" मी म्हटलं तेच, पण तोवर घड ठरलेला असतो. थॉमसनमध्ये बी धरतं पण लवकर मरतं, त्यामुळे बियांकडून मण्याला मिळायचं ते जिबरेलिन आपण बाहेरून देतो. त्यावर बराच वेळ गप्प. आणि मग, "ते बुटकं झाड आपल्याकडं मिळंल का?"

बांधावरचा · रविवार, सकाळी ६.१०

मिळालं तर दोन काड्या मलाही.

मास्तर, तीस वर्षं मारत होतो, आज कळलं काय मारत होतो.

सांख्यिकी_ताई · रविवार, सकाळी ८.३०

सुरेख. सेमिनारला हाच विषय घे.

निफाडची_थंडी · रविवार, दुपारी १२.४५

सरांना विचारलं, हो म्हणाले. म्हणे कापडही काढतील, मात्र रसायनं तुम्ही आणा.

आज सकाळी नानांनी बागेतून एक फूट आणून दिली. टोकाला पाच कळ्या आणि तिथूनच पुढे बाळी, दीड वीत लांब, तारेला पीळ घालून बसलेली. नानांनी ती तारेपासून सोडवताना तिचा पीळ मोडू दिला नाही. मुरंब्याच्या बरणीत स्पिरिट घालून ठेवलीय, उद्या बसने कॉलेजला नेणार.

सेवानिवृत्त_मास्तर · रविवार, दुपारी १.३०

बरणीवर चिठ्ठी लाव. जात, गाव, छाटणीची तारीख, तोडल्याची तारीख. पेन्सिलीने लिही, स्पिरिटने शाई पुसते. आणि तोडणाऱ्याचं नाव म्हणून नानांचं घाल.